इशीची ध्वनिमुद्रणे, क्रोबर यांचे नाव आणि वह्यांत उरलेल्या भाषा : हा वारसा वर्गात कसा सांगावा?

पाटीपेन्सिल (धाग्याची सुरुवात)

मी मराठवाड्यातल्या एका महाविद्यालयात पदवीच्या विद्यार्थ्यांना भाषाविज्ञान शिकवते. भाषांच्या नोंदणीचा घटक सुरू करताना गेली कित्येक वर्षे मी इशीच्या गोष्टीने सुरुवात करत आले आहे. 1911च्या ऑगस्टअखेरीस कॅलिफोर्नियातल्या ओरोव्हिल गावाजवळच्या एका कत्तलखान्याच्या आवारात भुकेने खंगलेला एक माणूस सापडला. त्याची बोली कोणालाच कळेना, म्हणून त्याला गावच्या तुरुंगात ठेवले गेले. बर्कली विद्यापीठातले तरुण मानववंशशास्त्रज्ञ वॉटरमन तिथे गेले आणि याना भाषेच्या जुन्या शब्दसूचीतला एकेक शब्द त्याच्यापुढे वाचू लागले. बराच वेळ काही घडले नाही. मग 'सिविनि' हा शब्द आला. त्याचा अर्थ पिवळा पाइन, आणि ज्या खाटेवर ते बसले होते तिची चौकट त्याच लाकडाची होती. वॉटरमन यांनी शब्द उच्चारून लाकडावर हात ठेवला, तसा त्या माणसाचा चेहरा उजळला आणि दोघेही ते लाकूड थोपटत तो शब्द पुन्हा पुन्हा म्हणू लागले. इथवर सांगितले की वर्गात शांतता पसरते, आणि 'भाषा म्हणजे काय' हे मला वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

यंदा मागच्या बाकावरच्या एका विद्यार्थिनीने विचारले, "त्यांचे खरे नाव काय होते?" मी सांगितले की ते कोणालाच कळले नाही. स्वतःचे नाव स्वतःच्या तोंडाने अनोळखी माणसाला सांगणे त्यांच्या रीतीत बसत नव्हते, म्हणून बर्कलीतलेच मानववंशशास्त्रज्ञ आल्फ्रेड क्रोबर यांनी त्यांना 'इशी' म्हणायला सुरुवात केली. याना भाषेत त्याचा अर्थ 'माणूस' असा आहे. त्यावर तिने दुसरा प्रश्न विचारला, "मग पुढे त्यांचे काय झाले?" तेव्हा माझ्या लक्षात आले की इतकी वर्षे मी ही गोष्ट नेमकी जिथे थांबवायला नको होती तिथेच थांबवत आले आहे.

पुढचा भाग असा आहे. इशी जवळपास साडेचार वर्षे सॅन फ्रान्सिस्कोमधल्या विद्यापीठाच्या संग्रहालयात राहिले. रविवारी लोक त्यांना बाण घडवताना पाहायला येत. 25 मार्च 1916 रोजी ते क्षयाने वारले. क्रोबर तेव्हा न्यूयॉर्कला होते. शवविच्छेदन होऊ देऊ नये, विज्ञानाच्या हिताची भाषा कोणी केली तर विज्ञान खड्ड्यात जावो असे माझ्या वतीने सांगावे, अशा आशयाचे पत्र त्यांनी धाडले होते. तरीही विच्छेदन झाले आणि मेंदू काढून ठेवण्यात आला. पुढच्या वर्षी तो मेंदू वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेतल्या हर्डलिच्का यांच्याकडे पाठवला तो याच क्रोबर यांनी. 1999 साली त्याचा ठावठिकाणा उघड झाला, आणि 2000 साली तो रेडिंग रँचेरिया आणि पिट रिव्हर या जमातींच्या स्वाधीन करण्यात आला.

जानेवारी 2021 मध्ये बर्कली विद्यापीठाने मानववंशशास्त्र विभागाच्या इमारतीवरून क्रोबर यांचे नाव काढले. त्या बातम्यांखालच्या चर्चा मी वाचल्या, परंतु एका बाजूला 'लुटारू' आणि दुसऱ्या बाजूला 'तारणहार' यांपलीकडे फारसे काही हाती लागले नाही. मला निकाल देण्यात रस नाही. पुढच्या वर्षी हाच घटक शिकवायचा आहे, तेव्हा त्या माणसांनी केलेले काम आणि त्यांचे वागणे एकाच तासात कसे सांगावे, हा माझा अगदी व्यावहारिक प्रश्न आहे. जाणकारांनी मोकळेपणाने लिहावे.

खाडीपलीकडचा

पाटीपेन्सिल ताई, मी सॅन फ्रान्सिस्को खाडीच्या पूर्वेला बारा वर्षे राहतो आणि त्या इमारतीवरून अनेकदा जातो. माझा व्यवसाय संगणकाचा आहे. या विषयाचे माझे वाचन हौशी असले तरी सातत्याचे आहे.

आपण इशीवर भर दिला आहे. परंतु नाव उतरवण्यामागे इथल्या लोकांची जी तक्रार होती तिचे मूळ बऱ्याच अंशी एका वाक्यात आहे. 1925 साली क्रोबर यांचा कॅलिफोर्नियातील जमातींवरचा हजारेक पानांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. ज्या किनाऱ्यावर बर्कली वसले आहे तिथल्या ओलोनी लोकांविषयी, ज्यांना तेव्हा कोस्टॅनोअन म्हणत, त्या ग्रंथात असे विधान आहे की व्यवहारापुरते पाहिले तर हा गट नामशेष झालेला आहे. त्याच दशकात, आजच्या हिशेबाने बर्कलीपासून गाडीने तासाभरावर असलेल्या प्लेझंटन परिसरात होसे गुझमान आणि आंजेला कोलोस हे चोचेन्यो या ओलोनी लोकांच्या एका भाषेचे जाणकार जिवंत होते, आणि जॉन पीबॉडी हॅरिंग्टन हे दुसरे संशोधक त्यांच्याकडून पानेच्या पाने उतरवून घेत होते. ज्यांना ग्रंथात 'नामशेष' म्हटले त्यांची वस्ती विद्यापीठापासून इतकी जवळ होती.

1927 साली संघराज्याच्या सॅक्रॅमेंटो येथील अधिकाऱ्याने या लोकांसाठी जमीन घेण्याची गरज नाही असा निर्णय दिला आणि त्यांची मान्यता व्यवहारात संपली. मुवेकमा ओलोनी जमात ती मान्यता परत मिळवण्यासाठी अजूनही झगडते आहे. ते एक वाक्य लिहिल्यामुळेच हे सारे घडले असे मी म्हणणार नाही. कागदोपत्री कारणांची साखळी लांब आहे. मात्र विद्वानाने लिहिलेला 'नामशेष' हा शब्द कचेरीत पोहोचला की तो वर्णनाचा शब्द राहत नाही, त्याचा दाखला होतो. आपल्याकडे ज्याने जातपडताळणीसाठी पन्नास वर्षांपूर्वीचा शाळेचा दाखला शोधला आहे, त्याला हे अधिक फोड करून सांगायला नको.

आता दुसरी बाजू, आणि ती मी डोळ्यांनी पाहिली आहे. 2022 साली त्याच इमारतीला लागून असलेल्या, हर्स्ट मानववंशशास्त्र संग्रहालयाच्या अंगणात ओलोनी वंशाच्या दोघा तरुणांनी आपले उपाहारगृह सुरू केले. त्यांनी त्या जागेला चोचेन्यो भाषेतले जे नाव दिले त्याचा धातू 'ओट्टोय' असा आहे, आणि त्याचा अर्थ दुरुस्त करणे, सांधणे. तिथे पाहुण्यांचे स्वागत 'होर्शे टूखी' असे करत. म्हणजे शुभ दिवस. पहिल्यांदा ऐकताना माझे लक्ष त्यातल्या 'ट'कडे गेले. इंग्रजी बोलणाऱ्याला तो उच्चार मुद्दाम शिकावा लागतो. आपल्याला तो ओळखीचा वाटतो. ज्यांना ही भाषा आईच्या मांडीवर ऐकायला मिळाली नाही त्यांनी तो 'ट' कुठून मिळवला? हॅरिंग्टन यांच्या वह्यांमधून आणि जुन्या ध्वनिमुद्रणांमधून. होसे गुझमान 1934 साली वारले. त्यांनी उच्चारलेला 'ट' वहीत एका टिंबासह लिहून ठेवलेला होता.

म्हणून वर्गात सांगताना मी क्रम बदलून पाहीन. आधी क्रोबर आणि मग 'तथापि' असे न करता, आधी गुझमान, कोलोस, इशी आणि मग त्यांचे ऐकून लिहून घेणारे, असे.

जुनी वही

मी मानववंशशास्त्राचा विद्यार्थी होतो आणि आता सेवानिवृत्त आहे. वरील प्रतिसादातील वस्तुस्थितीशी माझा वाद नाही. तरीही ज्या काळात हे लोक काम करत होते तो काळ डोळ्यांपुढे ठेवल्याशिवाय मूल्यमापन करू नये, एवढे मला आग्रहाने मांडायचे आहे.

कॅलिफोर्नियात सोने सापडल्यानंतरची वीस-पंचवीस वर्षे ही उघड संहाराची होती. 1851 साली राज्याच्या पहिल्या राज्यपालांनी विधिमंडळापुढे सांगितले की ही जमात नष्ट होईपर्यंत दोन वंशांमधले युद्ध चालूच राहणार. स्वयंसेवी टोळ्यांना सरकारी तिजोरीतून पैसे दिले गेले. 1846 साली सुमारे दीड लाख असलेली मूळ रहिवाशांची संख्या 1870 पर्यंत तीस हजारांवर आली. इशींचे 'याही' लोक, म्हणजे याना लोकांची एक शाखा, याच टोळ्यांना बळी पडले. ते चाळीस वर्षे डोंगरात लपून राहिले ते हौसेने नव्हे. अशा समाजात 1901 साली बर्कलीला रुजू झालेला पंचविशीचा एक तरुण या लोकांच्या भाषा, गाणी, नातेसंबंधांची नावे ही सगळी लिहून ठेवण्याजोगी, अभ्यासाजोगी विद्या आहे असे मानून गावोगाव फिरतो, हे त्या समाजाच्या बहुमताविरुद्ध जाणे होते. उतारवयात, 1950च्या दशकात, मूळ रहिवाशांचे दावे ऐकणाऱ्या संघराज्याच्या आयोगापुढे कॅलिफोर्नियाच्या जमातींची जमीन त्यांचीच होती हे सांगायला क्रोबर साक्षीदार म्हणून उभे राहिले. 1964 साली त्या दाव्यांची तडजोड 2 कोटी 91 लाख डॉलरवर झाली. गेलेल्या जमिनीच्या मानाने ही रक्कम क्षुल्लक होती हे मान्य, परंतु साक्ष त्यांनी दिली होती.

तसेच, जी कृत्ये आपण एकट्या क्रोबर यांच्या माथी मारतो ती त्या पिढीची होती. त्यांचे गुरू फ्रान्झ बोआस यांनी वंशश्रेष्ठत्वाच्या कल्पनेविरुद्ध आयुष्यभर लिहिले, आणि त्याच बोआस यांनी 1888 साली वायव्य किनाऱ्यावर थडग्यांमधून हाडे काढली. हे काम किळसवाणे आहे पण कोणीतरी ते करायलाच हवे, असे त्यांनी स्वतःच्या दैनंदिनीत नोंदवले आहे. 1897 साली ग्रीनलँडहून न्यूयॉर्कच्या संग्रहालयात आणलेल्या सहा इन्युइटांपैकी चौघे काही महिन्यांत दगावले. त्यांच्याकडून माहिती टिपून घेणाऱ्यांत विद्यार्थिदशेतले क्रोबर होते. त्यांपैकी किसुक नावाच्या माणसाचा मुलगा मिनिक याची समजूत पटावी म्हणून दफनाचा देखावा करण्यात आला आणि सांगाडा मात्र संग्रहालयात ठेवला गेला. हे मी बचावासाठी सांगत नाही. एका व्यक्तीचे नाव पाटीवरून पुसल्याने ती सगळी पद्धत पुसली गेली असा समज होऊ नये, म्हणून सांगतो.

माझे मत असे की नाव ठेवावे आणि खाली सगळे लिहावे. पाटीच नसेल तर पुढच्या पिढीतला विद्यार्थी आपल्या विद्यार्थिनीसारखा प्रश्न तरी कशावरून विचारणार?

खाडीपलीकडचा

जुनी वही, आपल्या काळाच्या मुद्द्याचा मी मान राखतो, पण त्यातच एक अडचण आहे. त्या संहाराची माहिती क्रोबर यांना होती, आणि 1925च्या ग्रंथाच्या प्रस्तावनेत त्यांनी स्वतःच लिहिले की गोरे आणि मूळ रहिवासी यांच्या संबंधांचा इतिहास आपण विचारपूर्वक वगळला आहे. संस्कृती 'शुद्ध' स्वरूपात, जणू 1849च्या आदल्या दिवशी थांबल्यासारखी नोंदवायची, हा त्यांचा शास्त्रीय निर्णय होता. मग एखाद्या बाईला अमुक गाणे का येत नाही याचे कारण तिच्या आईला गोळी घातली हे असले, तरी वहीत उरते ते केवळ 'माहीत नाही'. काळ त्यांनीच गाळला असेल, तर त्यांना काळाचा आधार किती द्यायचा हा प्रश्न राहतोच.

आणि पाटीविषयी. त्या विद्यापीठाच्या ताब्यात मूळ रहिवाशांच्या नऊ हजारांहून अधिक पूर्वजांचे अवशेष होते. अवशेष परत करण्याचा संघराज्याचा कायदा 1990चा आहे, तरी काम रेंगाळले. आपल्या आजोबा-पणजोबांच्या अस्थी मागायला येणाऱ्या माणसाने कोणत्या नावाच्या कमानीखालून आत जावे, असा तो प्रश्न होता. तो इतिहासाच्या धड्याचा नव्हता. धडा वर्गात शिकवता येतो.

टाकबोरू

मी भाषाविज्ञानात संशोधन केले आहे आणि काही काळ हस्तलिखितांच्या सूचीकरणाचे काम केले आहे. नावाच्या पाटीवर मला फार बोलायचे नाही. ताईंना वर्गात वापरता येईल असे काहीतरी द्यावे म्हणून वह्यांविषयीच लिहिते, कारण या सगळ्या चर्चेत प्रत्यक्ष वही कशी दिसते आणि ती कशी वाचावी लागते याकडे सहसा दुर्लक्ष होते.

हॅरिंग्टन (1884–1961) यांचा उल्लेख वर आलाच आहे. त्यांनी चाळीसेक वर्षे अमेरिकेच्या जमाती-संशोधन कार्यालयाच्या नोकरीत घालवली आणि सुमारे दहा लाख पाने मागे ठेवली. ते विलक्षण संशयी होते. इतर विद्वान, विशेषतः क्रोबर, आपली सामग्री पळवतील या भीतीने त्यांनी खोकीच्या खोकी ठिकठिकाणी दडवून ठेवली आणि हयातीत त्यातले फारच थोडे छापले. पती म्हणून आणि सहकारी म्हणून त्यांनी पत्नीला, कॅरोबेथ यांना, कसे राबवले हे कॅरोबेथ यांनीच वृद्धापकाळी लिहिले आहे. माणूस म्हणून त्यांच्याविषयी प्रेम वाटावे असे मला फारसे काही सापडत नाही. पण त्यांचा कान असामान्य होता, आणि उच्चाराबाबत खात्री होईपर्यंत एकच शब्द पुन्हा पुन्हा विचारण्याची त्यांची सवय आज लाखमोलाची ठरली आहे.

एक उदाहरण देते. सान हुआन बाउतिस्ता येथील स्पॅनिश मिशनमध्ये, जिथे मुत्सुन लोकांना आणून कामाला जुंपले जात होते, तिथल्या आरोयो दे ला क्वेस्ता नावाच्या पाद्र्याने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी मुत्सुन भाषेतली वाक्ये उतरवून ठेवली होती. त्याच्या लेखनात ऱ्हस्वदीर्घ आणि कित्येक व्यंजनांमधला फरक नीट कळत नाही. शंभरेक वर्षांनंतर, 1929 साली, हॅरिंग्टन यांनी ती वाक्ये आसेन्सिओन सोलोर्सानो या वृद्ध वैद्य स्त्रीला वाचून दाखवली. ती भाषा अस्खलित बोलणाऱ्या त्या शेवटच्या. त्या आजारी होत्या, मुलीच्या घरी अंथरुणाला खिळल्या होत्या, आणि त्यांनी एकेक वाक्य ऐकून सांगितले : हे असे म्हणतात, हे असे नाही, हे मी कधी ऐकले नाही. जानेवारी 1930 मध्ये त्या गेल्या.

आता विचार करा. या पानाचा कर्ता कोण? पाद्री, हॅरिंग्टन की सोलोर्सानो? ग्रंथालयाच्या सूचीत ते पान 'हॅरिंग्टन' या नावाखाली आहे. पण चूक-बरोबर ठरवणारी व्यक्ती एकच होती, आणि ती अंथरुणावर पडून ते ठरवत होती. मरणपंथाला लागलेल्या बाईला इतके प्रश्न विचारावेत का, हा प्रश्न मला दर वेळी छळतो. त्याच वेळी असेही दिसते की त्यांनी स्वतः आपणहून औषधींची, झाडपाल्याची, देवाधर्माची इतकी माहिती सांगितली की त्यांना ती कुणाच्या तरी हाती सोपवायची होती, असे मानायला जागा आहे. त्यांना आपण निव्वळ बळी ठरवले तर त्यांचा हा हेतूही आपण हिरावून घेतो.

2016 साली मुत्सुन–इंग्रजी कोश प्रसिद्ध झाला. त्याच्या कर्त्यांमध्ये एक मुत्सुन वंशाची स्त्री आहे, आणि त्यातला बराचसा मजकूर त्या आजारपणातल्या नोंदींवर उभा आहे. 1990च्या दशकापासून बर्कलीतच दर दोन वर्षांनी अशा भाषांच्या वारसांसाठी आठवडाभराचे शिबिर भरते. ज्यांच्या भाषेचा एकही बोलणारा उरला नाही असे लोक तिथे येतात, भाषाविज्ञानाचा एकेक विद्यार्थी त्यांच्या सोबतीला दिला जातो, आणि दोघे मिळून आजीच्या किंवा पणजोबांच्या नावाची वही उघडतात. क्रोबर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ज्या मेणाच्या नळकांड्यांवर आवाज मुद्रित केले होते, त्यांतली सुमारे 2,700 नळकांडी बर्कलीत आहेत. सुई लावली की मेण झिजते आणि बुरशीने आवाज खरखरतो, म्हणून अलीकडे त्या खाचांची प्रकाशाच्या साहाय्याने छायाचित्रे घेऊन त्यांवरून संगणकाने ध्वनी पुन्हा मिळवला जातो. त्यातला कोणता आवाज सर्वांना ऐकवावा आणि कोणता नाही, कारण काही गाणी ठरावीक विधीपुरतीच आणि ठरावीक माणसांसाठीच असतात, हे ठरवताना आता जमातींना विचारले जाते.

ताई, इशींच्या आवाजाची 148 नळकांडी आहेत, जवळपास पावणेसहा तासांचा ऐवज. त्यात रानबदकाची एक कथा आहे जी तब्बल 51 नळकांड्यांवर पसरली आहे. एका नळकांड्यावर दोन-तीन मिनिटेच मावत, त्यामुळे प्रत्येक वेळी थांबायचे, नवे बसवायचे आणि पुन्हा तिथूनच सुरू करायचे. सप्टेंबर 1911 मध्ये, संग्रहालयात येऊन थोडे दिवस झाले असताना, समोरच्याला आपली भाषा जेमतेम कळते हे ठाऊक असतानाही हा माणूस ती कथा न सोडता सांगत राहिला. तो काय म्हणतो आहे याचा बराच भाग तेव्हा क्रोबर यांना समजत नव्हता. 1915च्या उन्हाळ्यात भाषाशास्त्रज्ञ एडवर्ड सपीर यांनी इशींबरोबर आठवडेच्या आठवडे बसून काम केले तेव्हा कुठे व्याकरण उलगडू लागले, आणि त्याच उन्हाळ्यात इशींची प्रकृती ढासळली. आपण सपीर यांना त्यांच्याकडून इतके काम करून घेऊ द्यायला नको होते, हा सल वॉटरमन यांना शेवटपर्यंत राहिला. आज 'याही' भाषेविषयी जे ठोस ज्ञान आहे त्याचा मोठा भाग त्याच उन्हाळ्यातला आहे. ज्ञान आणि अपराध एकाच कागदावर, एकाच शाईने लिहिलेले असतात. एकातून दुसरे वजा करून बाकी काढता येत नाही, आणि म्हणून 'शेवटी चांगले की वाईट' हा प्रश्नच मला चुकीच्या गणिताचा वाटतो.

एक विनंती. आपल्या पाठ्यपुस्तकांत अशा व्यक्तींना 'माहितीदाता' म्हणतात. सोलोर्सानो यांनी त्या पाद्र्याची वही तपासून दिली, आणि हे काम संपादकाचे आहे. निदान फळ्यावर लिहिताना त्यांचे नाव संशोधकाच्या नावाशेजारी, त्याच आकाराच्या अक्षरांत लिहावे.

सातपुड्याखाली

मी बुलढाणा जिल्ह्यातल्या जळगाव जामोद भागातला आहे. अमेरिकेतल्या गोष्टीत मला सांगण्यासारखे काही नाही, पण 'नामशेष' या शब्दावरून आणि तो कचेरीत पोहोचण्यावरून राहवले नाही म्हणून लिहितो.

आमच्या डोंगरपायथ्याला निहाल लोक राहतात. त्यांची भाषा निहाली. ते स्वतः तिला काल्टो असेही म्हणतात. ग्रिअर्सन यांच्या भारतीय भाषा सर्वेक्षणाच्या 1906 सालच्या चौथ्या खंडात स्टेन कोनोव यांनी तिला मुंडा भाषांमध्ये, कोरकूच्या सोबतीला बसवले. 1962 साली कायपर या डच विद्वानांनी बारकाईने पाहिले तेव्हा तिच्या शब्दसंग्रहाचा सुमारे पाव हिस्सा कोरकू, द्राविडी, मराठी, हिंदी अशा कुठल्याच शेजारणीशी जुळत नाही असे आढळले. भारतातल्या मोजक्या एकाकी, म्हणजे कुठल्याच भाषाकुळात न बसणाऱ्या, भाषांमध्ये तिची गणना होते ती यामुळे. त्याच कायपर यांनी अशीही शक्यता मांडली की हे परके शब्द म्हणजे लूटमारीसाठी बनवलेली गुप्त बोली असावी. विद्वानाने 'असावी' लिहिले. आमच्याकडे चहाच्या टपरीवर आणि पंचायतीत मी लहानपणापासून ऐकले ते 'ही चोरांची भाषा आहे, पोरांना शिकवू नये' असे. टपरीवरचा माणूस कायपर वाचून बोलत नव्हता हे उघड आहे. तो समज जुना आहे आणि कदाचित विद्वानाकडेच तो अशा लोकांकडून गेला असेल. पण पुस्तकात आल्यावर त्याला वजन आले. 1871च्या गुन्हेगार जमाती कायद्यानंतरच्या देशात असे वजन कोणावर पडते हे वेगळे सांगायला नको. सर्वेक्षणाच्या 1922 सालच्या अकराव्या खंडात कोल्हाटी आणि गारुडी यांच्या बोली 'जिप्सी भाषा' या एका गाठोड्यात बांधल्या आहेत, तिथेही हाच वास येतो.

आणखी एक. त्या सर्वेक्षणात प्रत्येक बोलीचा नमुना म्हणून बायबलमधला उधळ्या पुत्राचा दाखला भाषांतरित करून मागवला होता. तुलनेसाठी ते सोयीचे होते, हे मलाही कळते. पण मराठीचा सातवा खंड उघडला की रत्नागिरीपासून नागपूरपर्यंत सगळे आपापल्या बोलीत एकाच बापाच्या दोन मुलांची परकी गोष्ट सांगताना दिसतात. इशींनी रानबदकाची कथा स्वतः निवडली होती. सर्वेक्षणात स्थानिक गोष्टीचा दुसरा नमुनाही मागवला होता, पण नमुने गोळा झाले ते बहुतेक जिल्ह्याच्या अधिकाऱ्यांमार्फत, त्यामुळे सांगणाऱ्यांची नावेही क्वचितच उरली. त्याच खंडात कोकणी ही मराठीची बोली म्हणून बसवली गेली, आणि 1975 साली साहित्य अकादमीने तिला स्वतंत्र भाषा म्हणून मान्यता देईपर्यंत, किंबहुना त्यानंतरही, गोव्यात त्या वर्गवारीचा आधार घेऊन किती भांडणे झाली हे इथल्या गोमंतकीय सभासदांना माझ्यापेक्षा चांगले ठाऊक असेल.

असे असले तरी तो चौथा खंड नसता तर 1900 सालची निहाली कशी होती हे आज कोणालाच सांगता आले नसते. माझ्याकडे त्यातल्या निहालीच्या पानांची छायाप्रत आहे. दोन वर्षांपूर्वी मी ती आमच्या शेतावर कामाला येणाऱ्या एका निहाल आजोबांना वाचून दाखवली. मी देवनागरीत उतरवून घेतले होते आणि माझा उच्चार वाईट होता. त्यांनी काही शब्दांना मान हलवली, काहींना 'हे तिकडचे, निमाडकडचे' म्हणाले, आणि एका शब्दावर थांबून 'हा माझी आजी म्हणायची' असे म्हणून पुढे बराच वेळ काही बोलले नाहीत. टाकबोरू यांनी लिहिलेला सोलोर्सानो यांचा प्रसंग वाचताना मला ते आजोबा आठवले.

जुनी वही

सातपुड्याखाली, आपला प्रतिसाद दोनदा वाचला. मी ज्या काळात शिकलो तेव्हा आम्हाला निहालीविषयी 'गुप्त बोलीचा संभव' हे वाक्य परीक्षेसाठी पाठ करायला सांगितले होते, आणि ते कोणाविषयी आहे, ती माणसे ते ऐकतात का, हा विचार आमच्यापैकी एकाच्याही मनात आला नाही. पाटी ठेवावी की काढावी यावर माझे मत अजून तेच आहे. मात्र खाली 'सगळे लिहावे' असे मी म्हणालो तेव्हा ते कोण लिहिणार हे मी सांगितले नव्हते. ते लिहिण्याचा पहिला हक्क ज्यांच्याविषयी लिहिले गेले त्यांचा आहे, ही दुरुस्ती मी माझ्या प्रतिसादात करू इच्छितो.

पाटीपेन्सिल

सर्वांचे मनापासून आभार. पुढच्या वर्षीच्या तासाचा आराखडा मी काल रात्री नव्याने लिहिला. सुरुवात 'सिविनि'नेच होईल, कारण तो क्षण खरा आहे आणि तो सोडवत नाही. मात्र त्यानंतर लगेच रानबदकाच्या कथेचा छोटा तुकडा ऐकवीन, अर्थ न सांगता, म्हणजे 1911 साली समोर बसलेल्या माणसाला जेवढे कळत होते तेवढेच मुलांना कळेल. मग मृत्यू, मेंदू आणि 2000 साली झालेली परतफेड. या वेळी त्यातले काही गाळणार नाही. फळ्यावर सोलोर्सानो, गुझमान आणि कोलोस ही नावे हॅरिंग्टन यांच्या शेजारी असतील. 'माहितीदाता' या शब्दाबद्दल मुलांनाच विचारीन की तुम्ही काय म्हणाल.

सातपुड्याखाली, आपल्याला एक वेगळी विनंती. माझ्या वर्गात यंदा मेळघाटातून आलेली दोन कोरकू मुले आहेत. आपल्याकडून चौथ्या खंडातल्या कोरकूच्या पानांचीही छायाप्रत मिळाली तर ती पाने आम्ही त्या दोघांसमोर वाचू, आणि काय बरोबर, काय चूक, काय तिकडचे आणि काय आजीचे हे त्यांना ठरवू देऊ. त्यांची इच्छा असेल तरच. विचारून कळवते.